मेंदूचा बायपास आणि पहिले तीस दिवस

नोव्हेंबर १९८५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने एका प्रदीर्घ चाचणीचा निकाल छापला आणि मेंदूच्या शल्यविशारदांमध्ये खळबळ उडाली. मेंदूकडे जाणारी धमनी बंद पडलेल्या किंवा फार अरुंद झालेल्या १,३७७ रुग्णांची ही चाचणी होती. त्यांतल्या ६६३ जणांवर बायपास शस्त्रक्रिया झाली. टाळूच्या त्वचेला रक्त पुरवणारी धमनी कवटीला पाडलेल्या खिडकीतून आत नेऊन मेंदूच्या पृष्ठभागावरील धमनीला जोडायची, असे तिचे स्वरूप. ९६ टक्के रुग्णांत हा जोड खुला राहिला. दीड मिलिमीटरच्या आतबाहेरच्या रक्तवाहिन्यांसाठी हे यश थक्क करणारे होते.

तरीही शस्त्रक्रिया हरली. सरासरी ५६ महिन्यांच्या पाठपुराव्यात पक्षाघाताचे प्रमाण कमी झाले नाही. उलट शस्त्रक्रिया झालेल्यांना झटके लवकर आणि अधिक संख्येने आले. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली नव्हती त्यांना काय दिले होते? चांगले वैद्यकीय उपचार आणि दिवसातून चार वेळा अ‍ॅस्पिरिनची ३२५ मिलिग्रॅमची गोळी. हीच गोळी शस्त्रक्रिया झालेल्यांनाही मिळत होती.

सुरी विरुद्ध गोळी असा हा सामना त्या वेळी रंगवला गेला. पण गेल्या सहा दशकांचा इतिहास पाहिला की ही मांडणी अपुरी ठरते. बायपास सुरुवातीपासून औषधांच्या आधारानेच उभा होता. कोणत्या संकटावर औषध द्यायचे याची समज मात्र बदलत गेली. आधी भीती होती रक्त गोठण्याची. पुढे कळले, की रक्त नीट वाहू लागले म्हणजे धोका टळला असेही नाही.

धाग्याआधीची स्वप्ने

कल्पना मुळात एका मज्जाविकारतज्ज्ञाची. मॉन्ट्रियलचे सी. मिलर फिशर यांनी १९५१ मध्ये दाखवून दिले, की पक्षाघाताचे मूळ अनेकदा मेंदूत नसते, मानेतल्या कॅरॉटिड धमनीत असते. मोठा झटका येण्याआधी हात क्षणभर बधिर होणे, एका डोळ्यासमोर अंधारी येणे, शब्द न सुचणे असे इशारे मिळतात. या इशाऱ्यांच्या काळातच बंद पडलेला भाग वळसा घालून ओलांडता येईल, असे भाकीत त्यांनी करून ठेवले.

भाकीत आणि हात यांच्यात मोठे अंतर होते. १९६३ मध्ये फ्रान्समध्ये वोरिंजे आणि क्युन्लँ यांनी पायातली शीर वापरून मानेतली धमनी कवटीच्या आतल्या धमनीला जोडली. जोड खुला राहिला, रुग्ण वाचला नाही. मेंदूच्या पृष्ठभागावरील बारीक धमनीला उघड्या डोळ्यांनी टाके घालणे अशक्यप्राय होते. वाट मोकळी झाली ती सूक्ष्मदर्शकामुळे. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन गावी ज्युलियस जेकबसन यांनी १९६० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रक्तवाहिन्या जोडून दाखवल्या. तिथलेच मेंदू-शल्यविशारद पीअर्डन डोनाघी यांनी या तंत्रासाठी प्रयोगशाळा उभारली.

१९६५ मध्ये झुरिकहून एक चाळिशीचा शल्यविशारद या प्रयोगशाळेत शिकायला आला. तुर्कस्तानात जन्मलेले हे डॉक्टर म्हणजे गाझी याशारगिल. वर्षभराहून अधिक काळ ते प्राण्यांच्या धमन्यांवर टाके घालत राहिले. झुरिकला परतल्यावर ३० ऑक्टोबर १९६७ रोजी त्यांनी माणसाच्या टाळूवरची धमनी मेंदूतल्या धमनीला जोडली. दुसऱ्याच दिवशी बर्लिंग्टनमध्ये डोनाघींनीही तीच शस्त्रक्रिया केली. गुरू-शिष्यांच्या दोन शस्त्रक्रियांमध्ये एका दिवसाचे आणि एका महासागराचे अंतर होते.

या शस्त्रक्रियेत औषधे कुठे होती? प्रत्येक पायरीवर. टाळूवरची धमनी सोडवताना हात लागला की ती आकसते. तिच्यावर पापाव्हेरीनचे थेंब टाकले की भिंतीतला स्नायू सैलावतो. अफूतून मिळणारे हे द्रव्य जर्मनीच्या गेओर्ग मेर्क यांनी १८४८ मध्ये वेगळे केले होते. धमनीच्या पोकळीत रक्ताचा अंश राहू नये म्हणून ती हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध मिसळलेल्या सलाइनने धुतली जाते. मग केसापेक्षाही बारीक नायलॉन धाग्याने टाके पडतात. त्या वीस-तीस मिनिटांत मेंदूची ती छोटी धमनी चिमट्यांनी बंद ठेवलेली असते.

खरी परीक्षा चिमटे काढल्यावर. सुई शिरली तिथे धमनीचे आतले अस्तर फाटलेले असते. खालचे कोलॅजन उघडे पडते आणि रक्तातल्या प्लेटलेट त्याला येऊन चिकटतात. मोठ्या धमनीत अशा पुंजक्याने फारसे बिघडत नाही. दीड मिलिमीटरच्या धमनीत तेवढ्यानेच वाट बुजते. हेपॅरिनचा जोर वाढवावा, तर ताज्या जखमेतून कवटीच्या आत रक्तस्राव होण्याची भीती. शस्त्रक्रियेआधी सुरू करून नंतरही चालू ठेवता येईल असे सौम्य औषध हवे होते, आणि ते घराघरांत डोकेदुखीवर घेतले जात होते.

टॉन्सिलच्या डॉक्टरांची शंका

अ‍ॅस्पिरिन आणि पक्षाघात यांची गाठ घालणाऱ्यांत कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेलचे एक साधे डॉक्टर होते, लॉरेन्स क्रेव्हन. टॉन्सिल काढल्यावर वेदना कमी व्हाव्यात म्हणून रुग्ण अ‍ॅस्पिरिनचे च्युइंगगम चघळत. त्यांतले काही जण प्रमाणाबाहेर चघळत आणि त्यांच्या घशातून रक्त थांबेनासे होई. जे औषध जखमेतले रक्त गोठू देत नाही ते हृदयातल्या गुठळीलाही अडवेल का, असा प्रश्न क्रेव्हन यांना पडला. आपल्याकडे येणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांना त्यांनी रोज अ‍ॅस्पिरिन द्यायला सुरुवात केली. १९५० मध्ये त्यांनी सुमारे ४०० जणांचा अनुभव लिहिला. १९५६ पर्यंत हा आकडा ८,००० वर गेला होता. मेंदूतल्या गुठळ्याही यामुळे टळतील, असे त्यांचे म्हणणे होते.

लेख आडवळणाच्या नियतकालिकांत छापले गेले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. कुणी फार लक्ष दिले नाही. १९५७ मध्ये क्रेव्हन स्वतःच हृदयविकाराने गेले, त्यामुळे त्यांच्या सिद्धान्ताची उरलीसुरली पतही घसरली. १९७१ मध्ये लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखते हे सिद्ध केले, तेव्हा या औषधाच्या करामतीचा उलगडा व्हायला लागला. प्लेटलेट एकमेकींना चिकटण्यासाठी जो संदेश लागतो तो हे औषध मुळातच तोडते.

मग कॅनडातल्या संशोधकांनी रीतसर चाचणी घेतली. पक्षाघाताचे इशारे मिळालेल्या ५८५ रुग्णांवरचा हा अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अ‍ॅस्पिरिनमुळे पक्षाघात व मृत्यू यांचा धोका ३१ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. चाचणीचे नेतृत्व हेन्री बार्नेट यांच्याकडे होते. बायपासला १९८५ मध्ये नामोहरम करणारी चाचणी ज्यांनी चालवली तेही हेच बार्नेट.

म्हणजे त्या निकालाकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. १९६७ मध्ये बायपास जन्माला आला तेव्हा त्याला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी नव्हता. तो मोठा होईपर्यंत गोळीही मोठी झाली होती. जोड खुला ठेवण्यासाठी शल्यविशारदांनी जवळ केलेले औषध जोडाविनाही बरेच काम करत होते.

टीकाकार गप्प बसले नाहीत. मेयो क्लिनिकचे थोरल्फ संड्ट आणि इतरांनी आक्षेप घेतला, की चाचणीत सामील केंद्रांवरच कितीतरी रुग्णांवर चाचणीच्या बाहेर शस्त्रक्रिया झाल्या, आणि ज्यांना बायपासची सर्वांत जास्त गरज होती तेच कदाचित त्यांत गेले. शिवाय कुणाच्या मेंदूला खरोखर रक्त कमी पडते आहे हे मोजून रुग्ण निवडले नव्हते. आक्षेपांत तथ्य होते. तरी पाश्चात्त्य देशांत बायपासच्या शस्त्रक्रिया झपाट्याने रोडावल्या.

सेंदाईचा आजार

जपानमध्ये मात्र बायपास थांबला नाही, कारण तिथे एक वेगळाच आजार होता. कवटीत शिरल्यावर कॅरॉटिड धमन्यांची टोके दोन्ही बाजूंना हळूहळू अरुंद होत जातात आणि भरपाई म्हणून मेंदूच्या तळाशी बारीक, नाजूक रक्तवाहिन्यांचे जाळे फुटते. १९५७ मध्ये ताकेउची आणि शिमिझू यांनी असा पहिला रुग्ण नोंदवला. १९६९ मध्ये सेंदाईच्या तोहोकु विद्यापीठातले जिरो सुझुकी आणि आकिरा ताकाकू यांनी आजाराचे टप्पे मांडून त्याला ‘मोयामोया’ हे नाव दिले. लहान मुलांना यात पक्षाघाताचे झटके येतात. मोठ्यांमध्ये ती नाजूक जाळी फुटून रक्तस्रावही होतो. औषधाने धमनी पुन्हा रुंद होत नाही. रक्ताची दुसरी वाट काढणे एवढाच इलाज उरतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून या रुग्णांवर बायपास होऊ लागला.

मोयामोयाच्या रुग्णांत जोड उत्तम जमे. तरी काही जणांचे चित्र शस्त्रक्रियेनंतर दोन-चार दिवसांनी पालटे. शुद्धीवर आल्यावर नीट बोलणारी बाई अचानक शब्द चाचपडू लागे. हात बधिर होई, डोके ठणके, कधी फीट येई. पहिला संशय अर्थातच गुठळीवर. पण तपासणीत जोड खुला, रक्त जोरात वाहते आहे आणि मेंदूचा कुठलाही भाग मेलेला नाही, असे दिसे.

रक्त कमी पडत नव्हते, जास्त होत होते. वर्षानुवर्षे तहानलेल्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या मिळेल ते रक्त ओढून घेण्यासाठी कायम ताणून रुंद झालेल्या असतात. गरजेप्रमाणे आकसण्याची सवय त्या विसरलेल्या असतात. अशा भागात नवी धमनी उघडणे म्हणजे कोरड्या, भेगाळल्या पाटात धरणाचे दार एकदम वर करणे. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा झिरपू लागतो, सूज येते, क्वचित रक्तस्राव होतो. मानेतली धमनी साफ केल्यानंतर असे घडू शकते हे संड्ट यांनी १९८१ मध्येच नोंदवले होते. मोयामोयाच्या बायपासनंतर हा ‘हायपरपरफ्युजन’चा प्रकार किती वेळा आणि का होतो, याचा पद्धतशीर माग २००० नंतरच्या दशकात सेंदाईतच मिकी फुजिमुरा, तेइजी तोमिनागा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या आणि सातव्या दिवशी मेंदूतला रक्तप्रवाह स्कॅनवर मोजायचा, ही त्यांची पद्धत.

निदानातली गोम अशी, की लक्षणे सारखी आणि इलाज उलटे. बोलणे अडखळले ते रक्त कमी पडल्यामुळे असेल तर रक्तदाब चढा ठेवायचा, सलाइन द्यायचे. जास्त रक्तामुळे असेल तर दाब उतरवायचा. अंदाज चुकून दाब उतरवला की मेंदूचा तुकडा मरतो आणि चढवला की रक्तस्राव होतो. त्यातही मोयामोया बहुधा दोन्ही बाजूंना असतो. उजवीकडचा पूर आवरायला दाब उतरवला तर डावीकडची अजून शस्त्रक्रिया न झालेली बाजू कोरडी पडू शकते. सेंदाईच्या चमूने वरचा रक्तदाब १३० च्या खाली राखायचा शिरस्ता घातला आणि त्यामुळे लक्षणे दिसणाऱ्या रुग्णांचे प्रमाण घटले. तरी ते शून्यावर आले नव्हते.

मुरुमांच्या गोळीचा दुसरा जन्म

सेंदाईच्या चमूने रक्तदाबाच्या शिरस्त्याला पुढे जोडले ते औषध होते मिनोसायक्लिन, जे त्वचारोगतज्ज्ञ मुरुमांवर लिहून देतात.

या औषधाचे कुळ एका भारतीयाच्या कारकिर्दीशी जोडलेले आहे. भीमावरमला जन्मलेले आणि मद्रासला वैद्यक शिकलेले येल्लप्रगडा सुब्बाराव १९४० च्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हरमधल्या लेडर्ले प्रयोगशाळांत संशोधनप्रमुख होते. त्यांच्याच कारकिर्दीत बेंजामिन डगर यांनी मातीतल्या जिवाणूपासून ऑरिओमायसिन मिळवले. टेट्रासायक्लिन घराण्यातले हे पहिले प्रतिजैविक १९४८ मध्ये जाहीर झाले, आणि त्याच वर्षी सुब्बाराव गेले. मिनोसायक्लिन हे याच घराण्यातले धाकटे भावंड, लेडर्लेतच घडलेले आणि १९७० च्या दशकात बाजारात आलेले. आधीच्या औषधांपेक्षा ते चरबीत सहज विरघळते, म्हणून मेंदूपर्यंत जास्त पोहोचते.

१९९८ मध्ये फिनलंडमधल्या कुओपिओच्या संशोधकांनी जर्बिल नावाच्या उंदरासारख्या प्राण्यांत मेंदूचा रक्तपुरवठा काही काळ तोडून पाहिला. मिनोसायक्लिन दिलेल्या प्राण्यांत मज्जापेशी अधिक वाचल्या. जंतू मारण्याशी या परिणामाचा संबंध नव्हता. औषध दाह शमवत होते. पुढे असेही दिसले, की ते एमएमपी-९ या विकराला लगाम घालते. हे विकर रक्तवाहिनीच्या भिंतीभोवतालची वीण कुरतडते आणि तो रक्षक पडदा सैल करते. मोयामोयाच्या रुग्णांच्या रक्तात एमएमपी-९ वाढलेले असते, हे फुजिमुरांच्या चमूला आधीच आढळले होते. पूर थोपवता येत नसेल तर निदान पाटाच्या भिंती तरी पक्क्या कराव्यात, असा हा विचार.

२०१४ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ८६ रुग्णांच्या मेंदूच्या १०९ बाजूंवर बायपास झाला होता. रक्तदाब सर्वांचाच आटोक्यात ठेवला होता. नंतरच्या ६० शस्त्रक्रियांत रोज २०० मिलिग्रॅम मिनोसायक्लिनही दिले होते. औषध न मिळालेल्या ४९ बाजूंपैकी चारांत अतिरक्तप्रवाहामुळे बिघाड झाला. औषध मिळालेल्या ६० पैकी एकातही झाला नाही.

शून्य हा आकडा भुरळ पाडतो. पण चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. औषधाविना झालेल्या शस्त्रक्रिया आधीच्या, औषधासह झालेल्या नंतरच्या. त्या दरम्यान चमूचा हात बसला असेल, रक्तदाबावरची नजर तीक्ष्ण झाली असेल. मिनोसायक्लिनबाबत सावध राहण्याचे आणखी एक कारण होते. हेच औषध मज्जापेशी वाचवील या आशेने एएलएस या असाध्य आजारात दिले गेले होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४१२ रुग्णांच्या अमेरिकन चाचणीत औषध घेणाऱ्यांची प्रकृती अधिक वेगाने ढासळली. प्राण्यांत तारणारे औषध माणसांत मारक ठरल्याचा तो ताजा धडा होता.

होक्काइदो विद्यापीठातल्या डॉक्टरांनी दुसरी वाट धरली. कोरडा पडलेला मेंदू एकदम रक्ताने भरला की पेशींना जाळणारे मुक्त मूलक उसळतात. ते टिपणारे एडारावोन हे औषध जपानमध्ये २००१ पासून पक्षाघातावर वापरात होते. २०१६ मध्ये त्यांनी लिहिले, की हे औषध शस्त्रक्रियेच्या दिवसापासून आठवडाभर दिलेल्या प्रौढ रुग्णांत अतिरक्तप्रवाहाची लक्षणे १२.५ टक्के शस्त्रक्रियांनंतर दिसली, आधीच्या गटात ती ३२.७ टक्क्यांत होती. तुलना पुन्हा जुन्या नोंदींशीच. आणि ज्या एएलएसमध्ये मिनोसायक्लिन अंगाशी आले, त्यात एडारावोनला मात्र आधी जपानमध्ये आणि मग २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

मोयामोयात बायपासची पाठराखण करणारा भक्कम पुरावाही २०१४ मध्येच आला. रक्तस्राव होऊन गेलेल्या ८० प्रौढ रुग्णांवरील जपानी चाचणीत पाच वर्षांत पुन्हा रक्तस्राव झाला तो शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ११.९ टक्के जणांना, आणि न झालेल्यांपैकी ३१.६ टक्के जणांना.

हिशेब कुठे बिघडतो

धमनीकाठिण्यामुळे कॅरॉटिड बंद पडलेल्या रुग्णांचा प्रश्न मात्र १९८५ पासून लोंबकळत होता. विल्यम पॉवर्स यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत २००२ पासून नवी चाचणी सुरू झाली. या वेळी पेट स्कॅनवर मेंदूची ऑक्सिजनची ओढ मोजून खरोखर गरजू रुग्णच निवडले. १९५ रुग्णांनंतर चाचणी थांबवावी लागली. २०११ मध्ये छापलेल्या आकड्यांनुसार दोन वर्षांत पक्षाघात वा मृत्यूचे प्रमाण शस्त्रक्रिया झालेल्यांत २१ टक्के आणि औषधांवरच असलेल्यांत २२.७ टक्के होते.

या बरोबरीच्या आत शिरले तर कारण सापडते. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १४.४ टक्के रुग्णांना पहिल्या तीस दिवसांतच बंद धमनीच्या बाजूचा पक्षाघात झाला. दुसऱ्या गटात हे प्रमाण २ टक्के होते. आणि तीस दिवसांनी तपासले तेव्हा ९८ टक्के जोड खुले होते. गुठळीने वाट बुजली असा दोष टाक्यांवर ढकलायची सोय नव्हती. काठावर जगणाऱ्या मेंदूला भूल, रक्तदाबाचे चढउतार आणि काही मिनिटांची चिमटीही सोसत नव्हती.

चीनमध्ये २०१३ ते २०१८ दरम्यान रुग्ण घेतलेली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी याच मुद्द्यापाशी येऊन थांबते. तीनशेहून अधिक रुग्ण, अनुभवी हात, स्कॅनवर पारखून केलेली निवड. एकूण निकालात पक्षाघात-मृत्यूंचा हिशेब शस्त्रक्रियेच्या गटात ८.६ टक्के आणि औषधांच्या गटात १२.३ टक्के; संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. पण काळाचे दोन तुकडे केले की चित्र दुभंगते. पहिल्या तीस दिवसांत शस्त्रक्रियेच्या गटात पक्षाघात वा मृत्यू ६.२ टक्के, दुसऱ्या गटात १.८ टक्के. तिथून दोन वर्षांपर्यंत त्या बाजूचा पक्षाघात शस्त्रक्रिया झालेल्यांत २ टक्के, तर औषधांवर असलेल्यांत १०.३ टक्के.

त्यामुळे आज या शस्त्रक्रियेनंतरच्या अतिदक्षता कक्षात अ‍ॅस्पिरिन चालू असते, रक्तदाबाला खालची आणि वरची अशा दोन्ही मर्यादा आखलेल्या असतात, फीट रोखणारे औषध हाताशी असते आणि जपानमधल्या काही केंद्रांत मिनोसायक्लिन किंवा एडारावोनही. यांतली शेवटची दोन औषधे चिठ्ठ्या टाकून केलेल्या मोठ्या चाचणीत उतरायची आहेत. तशी चाचणी झाली तर तिला जोड खुला राहतो का हे तपासायचे नाही. पहिल्या महिन्यातले ते ६.२ टक्के किती खाली आणता येतात, एवढेच मोजायचे आहे.